तापाचा आज कितवा दिवस? लॅबचा रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही

पावसाळा सुरू झाला की मुंबई महापालिकेच्या आरोग्य विभागाची आकडेवारी वर्तमानपत्रांत येऊ लागते: मलेरियाचे इतके, डेंग्यूचे इतके, लेप्टोचे इतके, चिकुनगुनियाचे इतके. त्याच दिवसांत घरोघरी लॅबचे रिपोर्टही येत असतात. मोबाइलवर पीडीएफ येते, काही आकडे ठळक अक्षरांत असतात, आणि ती डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधीच घरातल्या चार जणांनी वाचून तिचा अर्थ लावलेला असतो. गोंधळ इथेच सुरू होतो. पहिल्या दिवशी न निघालेला टायफॉइड आठव्या दिवशी निघतो, एका लॅबने डेंग्यू आहे म्हणून सांगितले असता दुसरी नाही म्हणते, आणि लघवीच्या कल्चरला तीन दिवस का लागतात हे कोणीच समजावून सांगत नाही. ‘लॅबवाल्यांचा काही भरवसा नाही’ असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो.

काही लॅबचा खरोखरच भरवसा नसतो, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु बहुतेक वेळा दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असतात. संसर्गजन्य आजाराच्या तपासणीचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते: नेमके काय शोधले, कोणत्या नमुन्यात शोधले आणि आजाराच्या कितव्या दिवशी शोधले. यंत्र कितीही महागडे असले, तरी या तिन्हींपैकी एक चुकले तर उत्तर दिशाभूल करते. तिन्हींपैकी सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते दिवसाकडे.

प्रयोगशाळा शोधते तरी काय?

रोगजंतू अंगात शिरला आहे हे ओळखण्याचे मोजके चार मार्ग आहेत. पहिला म्हणजे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहणे. दुसरा, नमुन्यातील जंतूला खाद्य देऊन प्रयोगशाळेत वाढवणे, ज्याला आपण सगळे कल्चर म्हणतो. तिसरा, अख्खा जंतू न शोधता त्याचा एखादा तुकडा शोधणे. हा तुकडा जंतूचे प्रथिन असेल तर त्याला अँटिजेन म्हणतात आणि जनुकीय द्रव्य असेल तर ते पीसीआरने शोधले जाते. चौथा मार्ग आडवळणाचा आहे. त्यात जंतू शोधतच नाहीत. त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात आहेत का ते पाहतात. रिपोर्टवर आयजीएम असे लिहिलेले असते ती साधारणपणे ताज्या संसर्गात आधी येणारी प्रतिपिंडे, आणि आयजीजी ही मागाहून येऊन दीर्घकाळ टिकणारी.

पहिले तीन मार्ग ‘जंतू किंवा त्याचा अंश इथे आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देतात. चौथा मार्ग ‘शरीराने हा जंतू कधी पाहिला आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देतो. हे दोन प्रश्न एकच आहेत असे समजल्यामुळे जितकी चुकीची औषधे पोटात जातात, तितकी दुसऱ्या कोणत्याही गैरसमजामुळे जात नसावीत.

डेंग्यू: माणूस तोच, उत्तर मात्र दिवसागणिक वेगळे

डेंग्यूचे उदाहरण या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. डासाने विषाणू अंगात सोडल्यावर ताप येतो, तेव्हा रक्तात विषाणूची गर्दी असते आणि त्याचे एनएस१ नावाचे प्रथिनही भरपूर असते. म्हणून तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस१ ही तपासणी उपयोगाची ठरते. पुढे शरीर विषाणूला आवरू लागते, एनएस१ कमी होत जाते, आणि साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम प्रतिपिंडे मोजण्याजोगी होतात. दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम तपासले तर डेंग्यू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येईल. आठव्या दिवशी फक्त एनएस१ तपासले तरी तेच होईल. दोन्ही वेळा लॅबने चूक केलेली नसते, कारण विचारलेला प्रश्नच त्या दिवसाला साजेसा नसतो.

मुंबईसारख्या शहरात आणखी एक गुंतागुंत आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार असल्यामुळे तो एकाच माणसाला पुन्हा होऊ शकतो. दुसऱ्यांदा होतो तेव्हा जुनी ओळख असलेले शरीर फार लवकर आयजीजी तयार करते, आयजीएम मात्र कधी कधी फिकेच राहते, आणि एनएस१ सापडण्याचे प्रमाणही पहिल्या वेळेपेक्षा कमी असते. दुसऱ्या वेळचा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका अधिक असतो आणि नेमक्या त्याच वेळी तपासणी थोडी डळमळते. म्हणूनच जाणता डॉक्टर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी प्लेटलेट, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताचा घट्टपणा, रक्तदाब आणि पोटदुखी यांच्याकडे लक्ष ठेवतो. आयजीएम साधारण दोन-तीन महिने रक्तात राहते, हेही विसरून चालत नाही. ऑगस्टमध्ये डेंग्यू होऊन गेलेल्याला ऑक्टोबरमध्ये साधा विषाणूजन्य ताप आला आणि आयजीएम पॉझिटिव्ह निघाले, तर तो जुन्याच आजाराचा अवशेष असू शकतो.

मलेरियाची काच अजून का टिकून आहे?

इतकी यंत्रे आली तरी मलेरियासाठी बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घेण्याची पद्धत सुटलेली नाही. अल्जीरियात लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने १८८० मध्ये रुग्णाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी पाहिला, त्यानंतर रंगद्रव्ये सुधारली, भिंगे सुधारली, परंतु मूळ कल्पना तीच राहिली. आपल्या राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमात वापरले जाणारे ‘जेएसबी’ हे रंगद्रव्य जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या भारतीय संशोधकांच्या नावाने ओळखले जाते.

पट्टीवर रक्ताचे दोन थर देतात. जाड थरात जास्त रक्त मावते, म्हणून परजीवी आहे की नाही हे त्यात शोधतात. पातळ थरात तांबड्या पेशी सुट्या सुट्या पसरलेल्या असतात, म्हणून परजीवीची जात त्यात ओळखता येते. व्हायव्हॅक्स या जातीने ग्रासलेली पेशी फुगलेली आणि ठिपक्याठिपक्यांची दिसते. फाल्सिपॅरम या जातीत पेशीच्या आत बारीक नाजूक कड्या आणि पुढच्या टप्प्यात चंद्रकोरीच्या आकाराची रूपे दिसतात. तंत्रज्ञ तेलातल्या भिंगाखाली पट्टी थोडी थोडी सरकवत जातो आणि किमान शंभर दृश्यक्षेत्रे पाहिल्याशिवाय ‘परजीवी आढळला नाही’ असे लिहीत नाही, निदान लिहू नये अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात टेबलावर पट्ट्यांचा ढीग साचलेला असताना ही शंभर क्षेत्रे प्रामाणिकपणे पाहणे हे खरे कसब आहे.

जात ओळखणे हा पुस्तकी सोपस्कार नव्हे. व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो, म्हणून त्यावर क्लोरोक्विनच्या जोडीला १४ दिवसांचे प्रायमाक्विन दिले जाते. फाल्सिपॅरमसाठी आर्टेमिसिनिनवर आधारित औषधांची जोडी लागते आणि त्यात दिरंगाई झाली तर जिवावर बेतते.

झटपट निकाल देणारी कार्डेही आता सर्रास वापरली जातात आणि आडवेळी ती फार उपयोगी पडतात. मात्र फाल्सिपॅरम ओळखण्यासाठी ती शोधतात ते परजीवीचे एचआरपी-२ हे प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात रेंगाळते. त्यामुळे औषध लागू पडले का हे पाहायला कार्ड पुन्हा करणे व्यर्थ आहे. त्यासाठी काचच पाहावी लागते. एक काच निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही, हेही लक्षात ठेवावे. थंडी वाजून ताप येतच राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त तपासतात.

टायफॉइड आणि विडालचा मोह

‘थोडेसे टायफॉइडचे अंश निघाले आहेत’ हे वाक्य मुंबईत ऐकले नाही असा माणूस विरळा. ते जिच्यावरून बोलले जाते ती विडाल चाचणी १८९६ मधली आहे. फ्रान्समधील फर्नांड विडाल यांनी दाखवले की टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तातील पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, टायफॉइडच्या जंतूंच्या द्रवात मिसळला तर जंतूंच्या गुठळ्या होतात. सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करत नेतात आणि कोणत्या पातळपणापर्यंत गुठळ्या होतात ते लिहितात. रिपोर्टवरचे १:४०, १:८०, १:१६० हे आकडे तिथून येतात. ‘ओ’ आणि ‘एच’ ही जंतूच्या दोन वेगवेगळ्या भागांची खूण असते.

चाचणी स्वस्त आहे, सोपी आहे आणि कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होते. तिची अडचण अशी की ती चौथ्या, म्हणजे आडवळणाच्या मार्गाची आहे. ती प्रतिपिंडे पाहते, आणि ज्या शहरात पाण्यातून व अन्नातून टायफॉइडचे व त्याच्या भाऊबंदांचे जंतू वर्षानुवर्षे लोकांच्या पोटात जात आले आहेत, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडीफार प्रतिपिंडे असतातच. पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, साल्मोनेला कुळातील दुसरा जंतू, कधी कधी मलेरियादेखील विडालला पॉझिटिव्ह करून दाखवतो. उलट, खरा टायफॉइड असलेल्या रुग्णात पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसल्यामुळे ती निगेटिव्ह येऊ शकते. शास्त्रशुद्ध वापर करायचा तर सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन पातळी निदान चौपट वाढली का ते पाहायला हवे. ताप उतरल्यावर दुसरे रक्त द्यायला कोण येतो?

टायफॉइडची खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, आणि तीही पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. तीसुद्धा परिपूर्ण नाही, कारण रक्तात या जंतूंची संख्या कमी असते आणि साधारण निम्म्याच रुग्णांमध्ये कल्चरमध्ये जंतू वाढतो. अस्थिमज्जेचे कल्चर याहून सरस असले, तरी तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या हाडात सुई घालणे शक्य नाही. तरीही ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आले की दोन गोष्टी एकदम हाती लागतात: आजाराची खात्री, आणि कोणते औषध चालेल याची यादी. एकेकाळी हमखास लागू पडणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना भारतातला टायफॉइडचा जंतू आता बहुतांशी दाद देत नाही, त्यामुळे ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची झाली आहे. विडालचा आकडा औषधाबद्दल एक अक्षरही सांगत नाही. एकाच विडालवर टायफॉइडचे निदान करून दहा दिवसांचे अँटिबायोटिक सुरू करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्यात पैसे वाया जातात हे तर झालेच, पण त्या दहा दिवसांत डेंग्यू, मलेरिया किंवा पोटातला क्षय ओळखायचा राहून जातो.

नमुना बिघडला की पुढचे सगळे बिघडते

लॅबचे काम रुग्णाच्या पलंगापाशी किंवा घरच्या बाथरूममध्ये सुरू होते. लघवीच्या कल्चरसाठी स्वच्छता करून, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची असते आणि दोन तासांत लॅबला पोहोचवायची असते. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवतात. सकाळी आठला अंबरनाथला भरलेली डबी पिशवीत ठेवून गर्दीच्या लोकलने दादरला आणली आणि दुपारी काउंटरवर दिली, तर वाटेतल्या उकाड्यात त्वचेवरचे चार-दोन जंतू लाखोंनी वाढलेले असतात. रिपोर्टमध्ये ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवावा’ असे येते आणि माणूस वैतागतो.

मात्र फ्रिज सगळ्याच नमुन्यांना चालत नाही. मेंदूज्वराच्या शंकेने पाठीच्या कण्यातून काढलेले पाणी कल्चरसाठी थंड करायचे नसते, कारण त्यातले काही जंतू थंडीने मरतात. ब्लड कल्चरच्या बाटल्याही फ्रिजमध्ये ठेवत नाहीत.

न्यूमोनियासाठी मागितलेल्या बेडक्याऐवजी बरेचदा तोंडातली लाळच येते. लॅब आधी त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. एका दृश्यक्षेत्रात गालाच्या आतल्या अस्तराच्या दहाहून अधिक पेशी दिसल्या तर तो नमुना छातीतून आलेला नाही असे धरून नाकारते. असा नमुना वाढवला तर तोंडातल्या निरुपद्रवी जंतूंचा एक भलामोठा रिपोर्ट तयार होईल आणि डॉक्टर अस्तित्वातच नसलेल्या शत्रूवर औषध सोडतील. नमुना परत पाठवणारी लॅब त्रासदायक वाटते, परंतु माझ्या मते ती चांगल्या लॅबची खूण आहे.

‘इतके रक्त कशाला काढता?’ हा प्रश्न ब्लड कल्चरच्या वेळी हमखास येतो. प्रौढ माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त घालतात, आणि शक्यतो दोन वेगळ्या जागांहून वेगवेगळे घेतात. रक्तात जंतू पसरलेले असले तरी एका मिलिलिटरमध्ये एखाददुसराच असू शकतो, त्यामुळे कमी रक्त घेतले तर तो बाटलीत येईलच याची खात्री नाही. दोन जागांचे कारण वेगळे आहे. सुई आत जाताना त्वचेवरचा एखादा जंतू बाटलीत शिरू शकतो. तो एकाच बाटलीत वाढला तर उपरा असण्याची शक्यता जास्त. दोन्हींत वाढला तर त्याला गंभीरपणे घ्यावे लागते.

एवढी यंत्रे असून कल्चरला दोन-तीन दिवस का?

लघवीचा नमुना आला की तंत्रज्ञ एका मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल एवढ्या बारीक तारेच्या कडीने तो थाळीवर ओढतो. थाळीत आगार, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेला जेलीसारखा पदार्थ, आणि त्यात जंतूंचे खाद्य असते. ती ३५ ते ३७ अंशांच्या उबवणपेटीत रात्रभर ठेवतात. दुसऱ्या सकाळी जिथे एकेक जंतू पडला होता तिथे त्याच्या लेकुरवाळ्या वसाहतीचा एकेक ठिपका दिसतो. मॅकॉन्की नावाच्या खाद्यावर ई. कोलाय या जंतूचे ठिपके ठळक गुलाबी असतात. ठिपके मोजले आणि शंभर भरले, तर हजाराने गुणून एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू, असा हिशोब होतो. रिपोर्टवर दिसणारा १०⁵ हा आकडा तो हाच.

यात एक दिवस गेला. आता एक ठिपका उचलून त्याचे ठरावीक गढूळपणाचे पाणी करतात, ते दुसऱ्या थाळीवर सर्वत्र पसरतात आणि त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात. पुन्हा १६ ते १८ तास. मग थाळीवर जंतूंची दुधट साय पसरलेली असते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ पारदर्शक वर्तुळे उमटलेली असतात. तिथे औषधाने जंतूला वाढू दिलेले नसते. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडतात आणि त्यावरून ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही, असे लिहितात. सर्वांत मोठे वर्तुळ म्हणजे सर्वांत चांगले औषध, असे मात्र नसते, कारण प्रत्येक औषध आगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरते आणि प्रत्येकाचा तक्ता निराळा असतो. एका औषधाला १८ मिलिमीटर पुरेसे असतील तर दुसऱ्याला २५ लागतील. ‘एस’ची यादी घेऊन परस्पर औषधाचे दुकान गाठणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे, शिवाय रुग्णाची किडनी, गर्भारपण आणि संसर्गाची जागा थाळीला ठाऊक नसते.

यंत्रांनी यातला काही वेळ वाचवला आहे. थाळीवर उगवलेला जंतू त्याच्या प्रथिनांच्या वजनावरून काही मिनिटांत ओळखणारे माल्डी-टॉफ हे यंत्र मोठ्या रुग्णालयांत आले आहे. परंतु जंतू उगवण्याचा वेळ कोणत्याही यंत्राला टाळता येत नाही. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून एका रात्रीत ठिपका दिसतो. क्षयाच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास लागतात. त्यामुळे क्षयाचे द्रवरूप कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे आणि घन खाद्यावरचे म्हणायला आठ आठवडे थांबावे लागते.

मग सगळे पीसीआरनेच का करू नये?

क्षयाच्या बाबतीत हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि बऱ्याच अंशी तसे झालेही आहे. पीसीआर जंतूच्या जनुकीय द्रव्याचा एक नेमका तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करतो. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात त्यांची संख्या पाच ते दहा हजारांच्या घरात असावी लागते, तर सीबीनॅट या पीसीआर तपासणीला शे-सव्वाशे पुरतात. ती दोन तासांच्या आत निकाल देते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का हेही त्याच वेळी सांगते. भारतात विकसित झालेली ट्रूनॅट ही तशीच तपासणी लहान, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात होते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे ओझे वाहणाऱ्या मुंबईसारख्या शहरात हे उत्तर पहिल्याच दिवशी मिळणे फार महत्त्वाचे आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्यांचे आहे. त्या खासगी बाजारात वर्षानुवर्षे खपत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे स्पष्ट बजावले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या आयातीवर, उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. फुप्फुसाच्या क्षयाचे निदान रक्ताच्या प्रतिपिंडांवरून झाले आहे असे कोणी सांगितले, तर बेडक्याची तपासणी मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

तरी पीसीआरची एक मर्यादा कायम राहते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी गल्लीत फटाक्यांच्या कागदाचा सडा पडलेला असतो. त्यावरून फटाके वाजले हे कळते, एखादा अजून पेटता आहे का हे कळत नाही. पीसीआरला मेलेल्या जंतूचे तुकडेही सापडतात. क्षयाचे उपचार सुरू असताना किंवा संपल्यावर सीबीनॅट पॉझिटिव्ह आले म्हणजे आजार उरलाच आहे, असे म्हणता येत नाही. म्हणून उपचाराची प्रगती पाहायला आजही काच आणि कल्चर वापरतात. कोविडच्या काळात बरे झालेल्या कित्येकांचा रिपोर्ट पुढे काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहिला, तोही याच कारणाने. शिवाय पीसीआर ठरवून दिलेल्या जंतूंनाच शोधतो आणि औषधांबद्दल ठरावीक जनुकांपुरतेच बोलतो. थाळी मात्र जो उगवेल तो दाखवते, तो अनपेक्षित असला तरी.

एकदाच सगळ्या तपासण्या करून टाकल्या तर?

‘फीवर पॅनेल’ नावाची स्वस्त पॅकेजे याच विचाराने घेतली जातात: कशाला थांबायचे, दहा आजार एकदम पाहून टाकू. यातला धोका साध्या हिशोबाने कळतो. समजा, एक तपासणी आजारी असलेल्या शंभरांपैकी नव्वदांना बरोबर पकडते आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी पाचांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. तापाची साथ ऐन भरात असताना एक हजार रुग्ण आले आणि त्यांतल्या ३०० जणांना खरोखर तो आजार आहे, तर २७० खरे आणि उरलेल्या ७०० पैकी ३५ खोटे पॉझिटिव्ह निघतील. रिपोर्टवर विश्वास ठेवण्यासारखी स्थिती आहे. आता तीच तपासणी, तीच लॅब, पण हजारांत फक्त १० जणांना तो आजार आहे असे धरू. नऊ खरे पॉझिटिव्ह निघतील आणि ९९० पैकी जवळजवळ ५० खोटे. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहा जणांपैकी पाच जणांना तो आजार नाही.

त्यामुळे डॉक्टरांनी आधी विचारलेले प्रश्न हे तपासणीचेच अंग आहेत. पुराच्या पाण्यातून चालला होता का, गावाहून कधी आलात, अंगावर पुरळ आहे का, थंडी वाजते का, ताप कितव्या दिवसाचा, या उत्तरांनी ‘हजारांत दहा’ची स्थिती ‘हजारांत तीनशे’वर येते आणि मग तोच रिपोर्ट बोलका होतो. लॅबच्या अर्जावर ही माहिती लिहायला जागा असते आणि ती बहुधा कोरी जाते.

रिपोर्ट यायच्या आधीच औषध का सुरू करतात?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ उसळली. उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात येणारा हा जंतू पायाच्या जखमेतून आत शिरतो. त्याची आयजीएम चाचणी साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून विश्वासार्ह होते, पीसीआर पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतो, आणि कल्चरला अनेक आठवडे लागतात. इकडे किडनी किंवा फुप्फुसे निकामी होण्याची वेळ याहून आधी येऊ शकते. साध्या अँटिबायोटिकचा सर्वाधिक उपयोगही सुरुवातीलाच होतो. म्हणून गुडघाभर पाण्यातून चाललेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत कळा आणि लाल डोळे असतील तर डॉक्टर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात. साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे असे आवाहन पालिका करते, ते तर ताप येण्याच्याही आधीचे पाऊल आहे. नमुना आधी आणि औषध लगेच नंतर, एवढा क्रम पाळला म्हणजे पुरे. मात्र नमुना घ्यायला विलंब होणार असेल आणि रुग्ण अत्यवस्थ असेल, तर औषध थांबवून ठेवत नाहीत.

दोन लॅब, दोन रिपोर्ट, आणि बातमीतला आकडा

दोन रिपोर्ट जुळत नसतील तर आधी तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: रक्त कोणत्या दिवशी घेतले, काय शोधले, आणि कोणत्या पद्धतीने. झटपट कार्डावरची फिकट रेघ डोळ्यांनी वाचतात; एलायझा या पद्धतीत रंगाची तीव्रता यंत्र मोजते, त्यामुळे ती अधिक भरवशाची मानली जाते. हे तिन्ही तपशील सारखे असूनही उत्तरे वेगळी आली, तर मात्र लॅबच्या गुणवत्तेची शंका घ्यावी आणि एनएबीएल या प्रयोगशाळांना प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का, ती नेमक्या त्याच तपासणीला आहे का, हे विचारावे.

शहराच्या आकडेवारीतही हाच भेद लागू होतो. डासांमुळे पसरणाऱ्या आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निकषांनुसार कार्डावर पॉझिटिव्ह आलेला डेंग्यू ‘संभाव्य’ या सदरात जातो आणि एलायझाने सिद्ध झालेला ‘निश्चित’ या सदरात. ठरवून दिलेल्या शासकीय प्रयोगशाळांना आयजीएम एलायझाचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून मिळतात. डेंग्यू किंवा लेप्टोच्या संशयित मृत्यूंचे कागदपत्र पालिकेची समिती तपासते आणि मगच तो मृत्यू त्या आजाराच्या नावावर लिहिला जातो. सोसायटीतल्या पाच घरांत कार्डावर डेंग्यू निघालेला असताना पालिकेचा वॉर्डाचा आकडा त्याहून लहान दिसतो, तेव्हा त्यामागे लपवाछपवी असेलच असे नाही. त्या पाचांपैकी कोणाचेही रक्त एलायझापर्यंत पोहोचलेले नसणे हे साधे कारणही असू शकते. आणि पाचव्या दिवसानंतर दुसरे रक्त घेऊन ते पोहोचले, तरी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तापलेल्या रुग्णाची निश्चित नोंद ऑगस्टच्या आकडेवारीत येऊ शकते.